पहिल्या हाकेला ओ नाही

ती हाक अजून माझ्या कानातून गेलेली नाही. घरात मी ही गोष्ट काढली की मुलं एकमेकांकडे बघतात आणि बायकोला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं. म्हणून आता लिहूनच काढतो. वाचणारा मध्येच उठून गेला तरी मला दिसणार नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पोलीस खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी ओमानला गेलो होतो. जबल शम्स डोंगरावर पर्यटकांचा कॅम्प होता, तिथे सुरक्षा अधिकारी म्हणून. अधिकारी कसला, बकऱ्या हाकलायच्या! उन्हाळ्यात मस्कतची कुटुंबं गारव्याला येत, थंडीत गोरे लोक काठ्या घेऊन चालायला. दरीच्या कडेकडेने एक पायवाट कपारीखालच्या ओसाड गावापर्यंत जाई. दगडी घरं, उघडी दारं, माणूस नाही. खाली दरी अशी, की दगड टाकला तर पडल्याचा आवाज येत नसे.

थंडीतल्या एका सकाळी मला चहा मिळाला नाही. एवढ्या कसून केलेल्या तपासाअंती मला कळलं, की आमचा स्वयंपाकी बेपत्ता आहे. मालवणकडचा माणूस. आम्ही पायवाटेवर माणसं पाठवली, सगळ्यांनी त्याच्या नावाने हाका मारल्या. दरी प्रत्येक हाक परत द्यायची, चारचार वेळा, दर खेपेला थोडी बारीक करून. शेवटची हाक आपल्याच आवाजात असूनही आपली वाटत नसे.

दुपारी खबर मिळाली. वाटेवर लोकरीचे गोंडे विकणारी म्हातारी म्हणाली, "काल दोघे गेले. परतला एक."

परतलेला म्हणजे स्वयंपाक्याचा खोलीतला सोबती, त्याच्याच गावचा वेटर. खालच्या ठाण्यातून आलेला ओमानी अंमलदार हिंदीत म्हणाला, "साहब, धक्का दिया इसने. खलास." आणि त्याने वेटरला घालायला बेड्या काढल्या.

"अर्धा तास द्या मला," मी म्हणालो. खोटं बोलणारा आधी बोलतो आणि घाबरलेला आधी पाणी मागतो, एवढं नोकरीत शिकलो होतो. या गड्याने पाणी मागितलं.

"आज सकाळी का नाही सांगितलंस, सोबत गेला होतास ते?"

"भियालंय, सायबानू. तेका मी कित्याक मारतलंय? माझो गाववालो तो! रोज लोकांका डबे बांधून देता, म्हणान तो म्हणालो, एकदा ता ओसाड गाव आपणय बघूया. माका परत येवचा होता, तो पुढे गेलो. रात्री वाटला, रुसान किचनात झोपलो आसात."

"मागून हाक नाही मारलीस?"

"मारलंय. एकदाच."  त्याने कपाळावर हात मारला. "एकदाच मारलंय! तो कसो ओ देतलो? रानात पयल्या हाकेक ओ देवची नसता. भूत एकदाच हाक मारता. तीनदा इली तर समजायचा, माणूस आसा."

"अरे, आम्ही सकाळपासून घसा फोडतोय!"

"तुमची एक हाक, नि डोंगर चार देता. तेणा मोजायच्या कशा?"

माझी सासुरवाडी कोकणातली. तरी हे माझ्या डोक्यात आलं नाही. 

ऊन कड्यावरून वर सरकू लागलं होतं. आणखी एक रात्र त्या थंडीत तो काढू शकला नसता. आम्ही वेटरला ओसाड गावाजवळ नेलं, बेडीसकट. मी सगळ्यांना गप्प केलं. तो कड्याशी उभा राहिला, हात जोडले आणि खणखणीत गाऱ्हाणं घातलं. भूत हाक मारेल, देवाला गाऱ्हाणं घालणार नाही.

"बा देवा म्हाराजा! ह्या परमुलखात तुझा लेकरू वाट चुकला आसा! तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

म्हाराजा... म्हाराजा... दरीने परत केलं. मग शांत झालं. आणि आमच्या पायाखालून, अगदी जवळून, बारीक आवाज आला:

"व्हय म्हाराजा!"

अंमलदार दोन पावलं मागे सरला.  प्रतिध्वनी दिलेलंच परत देतो, आणि गाऱ्हाण्याला कोकणातली माणसं जे म्हणतात ते 'व्हय' आमच्यापैकी कुणीही म्हटलं नव्हतं.

वाटेखालच्या एका पडक्या घरात तो सापडला. पाय मोडलेला, ओठ निळे, पण शुद्धीवर. अंमलदाराने मुकाट्याने बेडी सोडली. वेटरने आधी स्वयंपाक्याला मिठी मारली, मग सणसणीत शिवी हासडली.

त्याला स्ट्रेचरवर घेताना मी म्हणालो, "अरे बाबा, दिवसभर हाका मारतोय आम्ही. एकदा तरी ओ द्यायचीस!"

"दिवसाच्या सोडा, सायबानू. रात्रभर मारीत होतात, तेव्हाच ठरवलंय, ओ देवची नाय."

"रात्री? रात्री आम्ही सगळे झोपलो होतो. तू हरवलास हे सकाळी कळलं."

 त्याने हळूच बोट दाखवलं. हाक जिकडून येत होती तिकडे ना वाट होती, ना घर. नुसती दरी. ओ देऊन तो तिकडे सरपटला असता तर दोन हातांवर कडा होता.

मी जबाबात हे लिहिलं नाही. वारा असेल, ताप असेल. पण उमेदीची वर्षं मी आणखी एक धडा गिरवला होता, की गप्प बसणारा काहीतरी लपवतो. त्या डोंगराने तो पुसला. माणूस गप्प दिसला की आता मी आधी एवढंच विचारतो, माझ्याआधी तुला कोणी हाक मारली होती?