हरकत असल्यास लेखी कळवावी

माझ्या हातून आजवर एकही चुकीचा कागद बाहेर गेलेला नाही, हे वाक्य मी हल्ली कुणाला ऐकवत नाही. आर्या, ईशान, तुम्ही नातवंडांनी ते फोनवर इतक्या वेळा ऐकलं आहे, की ते बंद का झालं हे कळण्याचा तुमचा हक्कच आहे.

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. अध्यक्ष भामरे. माणूस सालस, पण हाताला चैन नाही. सोसायटीचा कागद त्यांच्या कॉम्प्युटरवर गेला की नाव गुलाबी व्हायचं आणि कोपऱ्यात कमळ उगवायचं. पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेवर त्यांनी एकदा समई लावली होती. (दोन समया. एका बाजूला एकच बरी दिसेना म्हणून.) मी सगळी नोकरी इंग्रजी पत्रव्यवहारात काढलेली; साहेबांना मी स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडे करू दिला नाही. मला हे बघवेना.

म्हणून मी सोसायटीचं लेटरहेड तयार केलं. वर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक. खाली एक ठळक सूचना. वरचं आणि खालचं दोन्ही लॉक. पासवर्ड फक्त माझ्याकडे. मध्ये जी पांढरी जागा उरली तेवढी भामऱ्यांची.

खालची सूचना मात्र खास एका माणसासाठी होती. समोरच्या फ्लॅटमधले देवरेभाऊ, मनमाडला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले. सभेत कुठलाही विषय निघाला की हात वर. "माझी हरकत आहे." भिंतींना पांढरा रंग ठरला, हरकत. क्रीम ठरला, तरी हरकत. एकदा चहा आल्यावर हात वर केला, तेव्हा सगळे दचकले. त्यांना बिस्कीट हवं होतं.

त्यांची बायको निर्मला माझी मैत्रीण. दुपारी चारचा चहा आमचा एकत्र, आज तिच्याकडे तर उद्या माझ्याकडे. उपाय तिनेच सुचवला. "सुमनताई, ह्यांना लिहायचा भारी कंटाळा. हरकत लेखी मागा, आपोआप गप्प बसतील."

मी मागितली. 'वरील बाबीस हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.'

देवरेभाऊंनी ते वाचलं आणि म्हणाले, "हे काही बरं नाही केलंत, वहिनी." पुढच्या सभेत त्यांचा हात अर्धा वर गेला आणि हळूच खाली आला. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं. तो खाली येणारा हात आता मला रोज दिसतो.

पण तेव्हा मी जोरात होते. फाटकाजवळचा खडूने लिहायचा फळा काढून काचेचा बोर्ड लावला आणि ठराव करून घेतला, की लेटरहेडशिवाय बोर्डावर काहीही लागणार नाही. हळदीकुंकवाचं आमंत्रणसुद्धा त्याच कागदावर गेलं. बायका हसल्या, आणि कुणाची लेखी हरकत न येता हळदीकुंकू पार पडलं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग मी देवळाली कॅम्पला बहिणीकडे राहायला गेले. परतताना बसमध्ये भामऱ्यांचा फोन.

"काकू, तुमच्या कागदाचं ते खालचं काढायचं होतं."

"निघणार नाही. लॉक आहे."

"तेच ना. पासवर्ड सांगता का जरा?"

"भामरे, परत फुलं?"

"फुलं मागवलीत काकू, पण आत्ता ते नाही. ऐका तरी. आपले देवरे..."

"देवरेंना म्हणावं, हरकत असेल तर लेखी द्या."

आणि मी फोन ठेवला. शेजारच्या बाई कौतुकाने बघत होत्या. मी पदर सारखा करून बसले.

फाटकाशी पोचले तर गर्दी. बोर्डावर माझं लेटरहेड. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपले ज्येष्ठ सभासद श्री. वामनराव देवरे यांचे आज सकाळी हृदयविकाराने निधन झाले. अंत्ययात्रा दुपारी चार वाजता निघेल.' त्याच्याखाली पांढरी पट्टी चिकटवलेली, आणि पट्टीतून आरपार, ठळक अक्षरांत: वरील बाबीस हरकत असल्यास.

"पट्टी लावून बघितली काकू," भामरे खालच्या आवाजात म्हणाले. "ठळक आहे ना. दिसतंच."

"हाताने लिहायचं होतं."

"ठराव तुमचाच आहे, काकू."

नातेवाईक एकेक करून वाचत होते. कुणी रुमाल तोंडाशी धरत होतं. तो रडू आवरायला की हसू, हे मला बघायचं नव्हतं. निर्मला खाली आली तेव्हा तीही बोर्डापाशी क्षणभर थांबली. माझ्याकडे बघितलं नाही.

नंतर चारचा चहा बंद झाला. मी दार वाजवलं की सून म्हणायची, "आई पडल्या आहेत." मी थर्मास भरून न्यायचे आणि भरलेलाच परत आणायचे. तेरावा झाला, तरी तेच. बसमधलं माझं बोलणं भामऱ्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि त्यानेच मला जास्त लाज वाटत होती. त्या माणसाबद्दल मी बोललेलं शेवटचं वाक्य ते, आणि ते मी तो गेल्यावर बोलले.

मग एक दिवस निर्मला स्वतः दारात. हातात घडी घातलेला कागद.

"घ्या. मुदत आज संपते."

मी उघडला. 'मा. सेक्रेटरी यांस. आपल्या सूचनेतील बाबीस माझी हरकत आहे. मनमाड सोडून आम्ही इथे दोघांनी मिळून राहायला आलो होतो. त्यांनी मला न विचारता जाणे मला मान्य नाही. त्यांच्या सगळ्या हरकती तोंडी होत्या, म्हणून ही एक लेखी. योग्य तो विचार व्हावा.'

"निर्मला, माझं चुकलं गं."

"ते नंतर. मुदतीत आली की नाही, तेवढं सांगा."

"आली."

"मग विचार करावा लागेल तुम्हाला," ती म्हणाली आणि हसली, आणि हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. बसमधलं सगळं मी तिला तिथेच सांगितलं. ती डोळे पुसत म्हणाली, "ह्यांनी ऐकलं असतं तर म्हणाले असते, ह्यालाही माझी हरकत आहे." मग मी चहा टाकला. चार कधीच वाजून गेले होते.

दुसऱ्या दिवशी रीतसर उत्तर लिहायला बसले. 'आपल्या हरकतीचा विचार केला. चूक सर्वस्वी सेक्रेटरीची आहे. क्षमा असावी.' आता आधी खालची ओळ काढावी म्हटलं. पण भामऱ्यांना कळू नये म्हणून पासवर्ड इतका अवघड ठेवला होता, की तो मलाही आठवेना. त्यामुळे माझा माफीनामा छापून आला तो असा, की खाली ठळक अक्षरांत हरकती मागवलेल्या.

तो कागद घेऊन मी मुकाट्याने भामऱ्यांकडे गेले.

"भामरे, मधल्या जागेत पेनाने एखादं फूल काढून द्याल?"

त्यांनी चष्मा लावला, कागद सरळ केला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "काकू, एक काढू की दोन्ही बाजूंना?"

मी म्हटलं, "दोन्ही बाजूंना. एकच बरं दिसणार नाही."