पीपीई काढण्याचा ऑडिओ

मे २०२०, दुसरा आठवडा, गुरुवार, दुपारी दोन. जागा: परळच्या आमच्या हॉस्पिटलची लिनन रूम. हजर: मी (नर्सिंग स्कूलची ट्यूटर), भूलशास्त्र शिकणारी एक निवासी डॉक्टर, आणि लिनन रूमचे क्लार्क, कारण किल्ली त्यांच्याकडे होती.

ही खोली निवडली ती ब्लँकेटांच्या थप्प्यांमुळे. तिथे आवाज घुमत नाही. पंखा बंद, तिघांच्या तोंडावर मास्क, घाम नुसता गळत होता. माणसं एकत्र बसवायची नाहीत म्हणून वर्ग बंद होते, आणि रोज नवीन माणसं कोविड वॉर्डात पाठवली जात होती. ओपीडीतल्या नर्सेस, शिपाई, आया. त्यांना शिकवायचं कसं? डॉक्टर म्हणाली, "पॉडकास्ट काढू मॅडम. दहा-दहा मिनिटांचे भाग. बसमध्ये येता-जाता ऐकतील."

दोन ओळी झाल्या आणि तिने थांबवलं. "मॅडम, तुमच्या श्वासाचा आवाज येतोय."

"मग बंद करू का श्वास?"

"नका हो, सध्या असलं बोलू नका," क्लार्क म्हणाले.

पहिला भाग पीपीई किट काढण्याचा. काढताना चूक झाली तर ती आठवड्याने कळते, म्हणून तोच आधी घेतला. कागद समोर ठेवला नाही. वर्षानुवर्षं प्रात्यक्षिक करून दाखवलेली गोष्ट. बाहेरचे हातमोजे, बूटकव्हर, अंगावरचा सूट आतली बाजू बाहेर गुंडाळत, गॉगल, मास्क, शेवटी आतले हातमोजे. एका दमात झालं. डॉक्टरने ऐकलं, मी दोनदा ऐकलं. संध्याकाळी तो सगळ्या वॉर्डांच्या ग्रुपवर गेला.

आठवड्याने मी वॉर्डाबाहेर, किट काढायच्या खोलीच्या काचेपाशी उभी होते. आत एक आया होत्या. घोडपदेवच्या, निवृत्तीला वर्षभर उरलेलं. घरी राहण्याची सवलत घ्या म्हटलं तर घेतली नव्हती. त्या माझं बोलणं मोठ्याने म्हणत किट उतरवत होत्या, शेजारच्या नवीन पोरीला दाखवत. "आता सूट. घाई नको." माझ्याच सुरात. पोरगी हसत होती. मीही हसले, आणि मग त्यांच्या हातांकडे बघितलं.

त्या बाहेर आल्यावर विचारलं, "मावशी, मध्ये हात चोळले नाहीत सॅनिटायझरने?"

"मध्ये खंय?"

"प्रत्येक वेळी. एक वस्तू काढली की हात, दुसरी काढली की हात."

"ता तुमी सांगलास खंय, सिस्टर? माका सगळा पाठ आसा." आणि तिथेच, पॅसेजमध्ये उभ्या राहून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. मी जिथे थांबले होते तिथे त्याही थांबल्या. हात कुठेच नव्हते.

वर्गात माझ्या डावीकडे बाटली असते. तोंड पुढची पायरी सांगत असतं तेव्हा हात आपोआप चोळले जातात, आणि मुली बघून शिकतात. ते बोलावं लागतं हे मला कधी सुचलंच नव्हतं.

त्याच दुपारी नवीन ऑडिओ केला. "जुना काढून टाका" असं वर लिहिलं. पण जुना तोवर किती फोनांत गेला होता कोण जाणे. तो पुढे महिनाभर मला परत परत येत राहिला, खाली हात जोडल्याची चित्रं.

चार दिवसांनी मावशींना ताप आला. ज्या वॉर्डात त्या काम करत होत्या तिथेच त्यांना दाखल केलं, आणि तिथेच त्या गेल्या. संसर्ग कुठून झाला हे कोणी सांगू शकत नाही. बसमधून, चाळीच्या नळावरून, कुठूनही होऊ शकतो. हे मी स्वतःला बरेच महिने सांगितलं.

त्या गेल्यावर लगेच चौकशी समिती बसली. मीही तिच्यात होते. अहवालात एक ओळ आली: पीपीई काढताना कर्मचाऱ्याकडून प्रक्रियेचे पालन झाले नाही. अध्यक्षांनी विचारलं, "प्रशिक्षण दिलं होतं ना?" मी म्हटलं, "हो, ऑडिओ दिला होता." कोणता ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सही केली.

मावशींची मुलगी चष्मा, डबा आणि आधार कार्ड न्यायला आली. लॉकरच्या यादीवर मीच तिची सही घेतली. तिला अहवालातली ती ओळ कोणीतरी वाचून दाखवली होती. ती म्हणाली, "आई घरी आम्हाला दहा वेळा हात धुवायला लावायची. भाऊ म्हणतो, ती निष्काळजीपणा करून गेली. खरंच चुकली का हो ती?"

मी म्हटलं, "त्या दिवसांत सगळ्यांवरच फार ताण होता."

तिने मान हलवली आणि गेली.

वर्ग पुन्हा भरू लागले. आता मी प्रत्येक पायरीला हात हा शब्द मोठ्याने उच्चारते, मुलींना कंटाळा येईपर्यंत. अहवालातली ओळ बदलून घेण्यासाठी अर्ज लिहून ठेवला आहे, तो दिलेला नाही. एका रविवारी मी घोडपदेवला गेले, चाळीच्या जिन्यापर्यंत. वरून कुणीतरी विचारलं, "कोण पाहिजे?" मी म्हटलं, "कोणी नाही," आणि परतले.

मुलीला सांगायचं आहे की तिची आई चुकली नाही, मी सांगितलं होतं तेवढं तिने अगदी बरोबर केलं. अजून सांगितलेलं नाही.