इंद्रभानची एका सवारीची मोटर

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात मोडत होता. वाशिमात मोटर म्हटली की ती साहेबाची, जिनिंगवाल्या शेठची, नाहीतर टपावर कोंबड्या-बकऱ्या घेऊन धापा टाकणारी सर्व्हिस मोटर. त्या वाशिमात टेशनच्या रस्त्यावर, निंबाखाली, इंद्रभाननं लाल रंगाची, बिनटपाची, माणसाच्या कमरेइतकी उंच मोटर आणून उभी केली आणि भाड्यानं देतो म्हणाला.

लोक आधी भोवती फिरून गेले. मग वाकून पाह्यलं. मग एकानं विचारलं, "बाकीची मोटर कुठी हाये?"

इंद्रभान शेलूबाजाराकडचा कास्तकार. जमीन होती, पण जीव जमिनीत नव्हता, पटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत होता. शंकरपटात त्याची जोडी सुटली की दोन्हीकडची माणसं पायावर उभी राहत. पटाच्या छकडीवर बैल हाकणारा धुरकरी एकटाच असतो, आणि त्याच्याही अंगावर मांस नसलेलं बरं. हलकं तेच पळते, हे इंद्रभानच्या डोक्यात मिसरूड फुटायच्या आधीपासून बसलेलं. अकोल्याच्या एका जमीनदाराच्या पोरानं ही मोटर शौकापायी मुंबईहून आणली होती. तो शौक फिटला, पटाचा लागला, आणि त्याचा डोळा इंद्रभानच्या जोडीवर गेला. इंद्रभाननं मोटरच्या नाकाडावर हात ठेवून पाह्यला, बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा. अदलाबदल झाली. बैल तिकडं गेले, मोटर इकडं आली. जमीनदाराच्या ड्रायव्हरनं हाकायला शिकवली आणि रस्त्याला लागल्यावर एवढंच म्हणाला, "हिले दाबशीन तितकी पळते. हळू चालनं मात्र हिले जमत नाई."

थोरला भाऊ दौलतराव. सावकाश बोलायचा, पण बोललेला शब्द खुंटीसारखा ठोकायचा. त्यानं पारावर चार माणसांत सांगितलं, "जिवंत बैल देऊन तू लोखंड घेतलं. ठीक हाये. अखजीपावतर पाह्य. पोट भरलं त तुहं तू. नाई भरलं त तुह्या वाट्याची जमीन मी वाहीन, आन तू माह्याकडं सालानं राह्यजो."

अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडं सालगड्यांचं साल बदलते. परक्याकडं साल धरणं निराळं. सख्ख्या भावाच्या धुऱ्या-बांधावर, जिथं आपला बाप उभा राहत होता तिथं, दुसऱ्याचा गडी म्हणून कासरा धरायचा, ही गोष्ट गिळायला फार मोठा घसा लागतो. इंद्रभान तरी "बरं" म्हणाला. पटाच्या माणसाला हरायची भीती सुटायच्या आधी वाटत नसते.

बायको तुळसाबाई. वाशिमात खोली धरली, चूल मांडली, तेव्हा म्हणाली, "मले जावेच्या हाताखाली भाकरी थापायले लावू नका म्हंजे झालं. बाकी तुमाले काय खेळाचं हाये थे खेळा."

गिऱ्हाईक येईना असं नव्हतं. येत होतं आणि जात होतं. दाणाबाजारातला एक माणूस बायकोला अकोल्याच्या डॉक्टरला दाखवायचं म्हणून आला.

"किती जन बसते हिच्यात?"

"एक."

"दोन जागा दिसून राह्यल्या ना?"

"एक माही. मी नाई बसलो त हाकीन कोन?"

त्या माणसानं विचार केला. "मंग असं कर, तुले इथी बसवतो आन हाकाले माह्या बायकोले सांगतो. घर त तेच हाकते."

लोक हसले. इंद्रभानही हसला, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. आपण काय चुकलो ते त्याला दिसायला लागलं होतं. पटात वजन वैरी असते, पण रस्त्यावर वजन म्हणजेच गिऱ्हाईक. बैलांची दमणी काढली की आपल्याकडं घरचे बसतात, शेजारचे बसतात, वाटेत भेटलेला मामेसासरा बसतो, आणि मागं चारा बांधायची जागा उरली तर तिच्यावर आणखी कोणी लटकते. वाहनात बसणं म्हणजे संगतीनं जाणं. एकट्या माणसाला पाय आहेत.

"एकटा माणूस वाहनात कवा जाते, सांग बरं," तो तुळसाबाईला म्हणाला. "बिमार असला त. नाईतर मेला त."

तुळसाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "नाईतर नवरदेव असला त."

लग्नसराई तोंडावर होती.

पहिलं लग्न मिळालं ते सोजरबाईचं. सोजरबाई अनसिंगजवळच्या एका खेड्याची, विधवा, स्वतः वखराच्या मागं चालून शेती राखलेली बाई. एकुलता एक लेक, आणि त्याची सोयरीक अनसिंगात झालेली. तिला परण्या जोरात काढायचा होता. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या दर्शनाला वाजतगाजत निघतो तो. तिच्या भाऊबंदांनी आपापल्या पोरांचे परणे घोड्यावरून काढले होते, त्यामुळं तिला घोडा नको होता.

"नवरदेव एकटाच बसीन ना?" इंद्रभाननं खातरी करून घेतली.

"नवरदेव म्हंजे काय दोन राह्यते का रे?" सोजरबाई म्हणाली.

लग्नाच्या दिवशी इंद्रभान मोटर घेऊन अनसिंगला पोचला. नवरदेव बाशिंग बांधून बाजूच्या जागेवर बसला. तेवढ्यात नवरदेवाची चुलतबहीण कस्तुराबाई हातात पाण्याचा करा घेऊन, नव्या लुगड्याचा ओचा सावरत आली आणि उभी राहिली.

"मी कुठी बसू?"

करवली. नवरदेव कधी एकटा नसतो. त्याच्या मागं करवली लागतेच, हे त्याच्या स्वतःच्या लग्नात झालं होतं, शंभर लग्नांत त्यानं पाह्यलं होतं. आणि मोटर पाहिल्यापासून त्याच्या डोळ्यांपुढं फक्त धुरकरी उभा होता.

शेवटी करवलीला मागच्या पत्र्यावर घोंगडी टाकून बसवलं. वाजंत्री सुरू झाली, पोट्टे नाचायला लागले, मोटर निघाली. म्हणजे निघायला पाहत होती. पुढं नाचणारे एक पाऊल पुढं आणि दोन मागं. हळू चालणं हिला जमत नव्हतंच. इंद्रभान कधी या पायानं दाबत होता, कधी त्या पायानं. आधी जळका वास सुटला, मग नाकाडातून वाफ निघाली, आणि मारुतीच्या अलीकडं, ऐन चौकात, मोटर एकदा खाकरली आणि बसली. उन्हानं पत्रा असा तापला होता की कस्तुराबाई करा घेऊन टुणकन खाली उतरली.

हसणारे हसले. कोणी म्हणालं, "पानी पाजा तिले, पानी." कोणी म्हणालं, "शेपूट पिरगाळा." सोजरबाईचे भाऊबंद मिशीत हसत होते आणि ती ते पाहत होती.

इंद्रभाननं पाणी घातलं, दांडा फिरवला, परत फिरवला. घाम डोळ्यांत जात होता. त्याला अखजी दिसत होती, दौलतरावाचा धुरा दिसत होता.

सोजरबाई जवळ आली. "सरक," म्हणाली. मग मागं वळून तिनं हाक मारली, "आपली जोडी आना रे."

वऱ्हाड बैलगाड्यांतूनच आलं होतं. तिची खिलारी नव्हे, गावरानच जोडी, पण शिंगं रंगवलेली, अंगावर झुली. जू आलं, दोर आला. इंद्रभान आडवा झाला.

"मावशी, मोटरले बैल जुपू नका. माही इज्जत जाईन."

"तुही इज्जत सांजीले पाहू. आता माही जाऊन राह्यली. तू फक्त थे चाक धर."

बैल जुंपले. आणि जे झालं ते इंद्रभाननं पुढं कितीतरी वर्षं मनाशी उलगडून पाह्यलं. आवाज नाही, धूर नाही. बैल पायाशी पाय लावून चालले. नाचणारे थांबले की थांबले, सरकले की सरकले. लाल मोटरीत नवरदेव, मागं घोंगडीवर परत येऊन बसलेली करवली, पुढं झुलीतले बैल. हसणारा चौक हसायचं विसरला. म्हातारे पुढं येऊन विचारायला लागले, "बैल कोनाचे व्हय?" आणि सोजरबाई प्रत्येकाला सांगत होती, "घरचे."

त्या सांगण्यात सगळं होतं. मोटर भाड्याची होती, तिच्यात माणसाचं स्वतःचं काही नव्हतं. बैल मात्र गोठ्यातले, आपल्या हातचं खाऊन वाढलेले. ते मोटरीला जुंपले की मोटरही घटकाभर घरचीच होत होती.

तिसऱ्या दिवशी मेडशीकडून माणूस आला. "थे बैलाची मोटर तुहीच ना?"

"मोटर इंजनाची हाये," इंद्रभान म्हणाला.

"इंजन राह्यू दे. आमचे बैल आमी आनतो."

मग रीतच पडली. गावाच्या शिवेपर्यंत इंद्रभान इंजिनावर जायचा, आणि शिवेवर वरपक्षाचे बैल येऊन थांबलेले असायचे. मागच्या पत्र्यावर करवलीसाठी त्यानं लाकडी पाट बसवून घेतला. पंचक्रोशीतल्या बैलांची चाल त्याला कळायला लागली. पळणारे नव्हे, न पळणारे. तापट जोडी दिसली की तोच म्हणायचा, दुसरी आना. पटाचा धुरकरी आता गरीब बैल हुडकत होता. कधी कधी त्याला हे हसू येण्यासारखं वाटायचं, कधी नाही. शिवेपर्यंतच्या रस्त्यावर मोटर दाबेल तितकी पळायची, पण तेव्हा तिच्यात दुसरं कोणी नसायचं. माणूस बसला की ती बैलाच्या पायानं चालायची. पळणं आणि पोट भरणं या दोन गोष्टी एका रस्त्यावर येत नाहीत, हे कोणी त्याला सांगितलं असतं तर त्यानं मानलं नसतं.

अखजीच्या दिवशी सकाळी दौलतराव वाशिमात येऊन उभा राहिला. मुहूर्ताचा दिवस, इंद्रभानला शेलूबाजारचं लग्न होतं.

"बोलाचं हाये," दौलतराव म्हणाला.

"बस मंग. येळ नाई मले. रस्त्यानं बोल."

दौलतराव बसला. मोटर रस्त्याला लागली आणि त्याचं बोलणं वाऱ्यानं नेलं. एका हातानं फेटा, दुसऱ्या हातानं दार धरून तो इतकंच म्हणत राहिला, "हळू. अबे, हळू."

शिवेवर वऱ्हाड थांबलं होतं. दौलतराव उतरला, धोतर झटकलं. बैल जुंपणं चाललं होतं. त्यानं थोडा वेळ पाह्यलं आणि त्याला राहवलं नाही.

"असं जू ठेवते का कोनी? डावा बैल ठेंगना हाये. त्याच्या अंगानं दोर आखूड घे."

कोणी ऐकेना, तेव्हा तो स्वतः वाकला, गाठ सोडली, परत बांधली, बैलाच्या मानेखाली हात घालून पाह्यलं. इंद्रभान चाकावर बसून होता. दौलतराव त्याच्याजवळ आला, मोटरीला हात न लावता उभा राहिला.

"रोज असंच राह्यते?"

"लगनसराईत. बाकीच्या दिवसात जत्रेत नेतो, लोकं बसून फोटो काढते. चुलीले लाकूड हाये, डब्यात पीठ हाये."

"पळते त चांगली," दौलतराव म्हणाला. "मंग बैल कायले?"

"पळनारीले कोनी भाडं देत नाई, दादा."

दौलतरावानं मान हलवली. वाजंत्री सुरू झाली, बैलांनी खांदे दिले.

"मी दुसरा गडी पाह्यतो मंग," तो म्हणाला आणि गावाकडच्या वाटेला लागला. खुशीनं म्हणाला की रागानं, ते त्याच्या पाठीवरून काही कळत नव्हतं, आणि इंद्रभानला वळून पाहायला सवड नव्हती. नाचणारे थांबले होते, बैल थांबले होते, आणि चाक सरळ धरून त्यालाही थांबायचं होतं.