आईचा सा

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सगळं पुन्हा बंद झालं तेव्हा आईला मोबाइलवर गाण्याचा एक वर्ग सापडला. फुकट होता. रोज संध्याकाळी पुण्याच्या कुणी बाई व्हिडिओ कॉलवर शिकवायच्या. विरारला बोळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि आई, दोघीच. मी हॉलमध्ये ऑफिसचं काम करायचे आणि आई आतल्या खोलीत तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून बसायची. सगळे एकदम गायला लागले की गोंधळ व्हायचा, म्हणून बाई सगळ्यांचे माइक बंद ठेवायच्या. आईचं गाणं ऐकणारी मी एकटीच.

लग्नाआधी राहून गेलेली हौस होती तिची. सा लावला की बराच वेळ धरून ठेवायची. मग एका संध्याकाळी तो मध्येच तुटला.

"घसा बसलाय गं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आणखी लवकर तुटला. त्यानंतर आतून काहीच ऐकू येईना. वर्ग चुकवला असेल म्हणून मी डोकावले. आई मोबाइलसमोर ताठ बसली होती, तोंड उघडं, बाईंच्या हातासोबत मान हलत होती. आवाज मात्र नव्हता. ती नुसतं तोंड हलवत होती.



"आई, गात का नाहीस?"

"गातेय की."

एवढं बोलतानाही ती दोनदा थांबली.

मी फोन केल्यावर वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ऑक्सिमीटर पिशवीत घालून गॅलरीतून दोरीने सोडला. आईच्या बोटाला लावला तर ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या खाली. "मशीन बिघडलंय," आई म्हणाली. मी माझ्या बोटाला लावून पाहिला. मशीन ठीक होतं. मी हॉस्पिटलांना फोन लावायला लागले. विरार, नालासोपारा, वसई, जिथे फोन करावा तिथे बेड नाही. शेवटी गोखिवऱ्याच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये जागा मिळाली. अँब्युलन्सवाला म्हणाला, "त्यांना बसवून ठेवा, आडवं करू नका." हॉस्पिटलच्या दारात मला अडवलं. आईला आत नेताना तिने मागे वळून पाहिलं, पण मास्कमुळे तिचा चेहरा दिसला नाही.

त्यानंतर फोन वाजला की मी आधी डोळे मिटायचे. एक सिस्टर दुपारी व्हिडिओ कॉल लावून द्यायची. आई बोलायची नाही, फक्त हात हलवायची. मी हसायचे आणि फोन ठेवला की बाथरूमचा नळ सोडून रडायचे.

आई परत आली. बारीक झाली होती, पण स्वतःच्या पायांनी चालत आली. अर्धा कप चहा घेतला आणि कुशीवर वळून झोपली. मला तिचा श्वास ऐकू येईना. मी जवळ गेले आणि तिच्या नाकासमोर तळहात धरला.

"आहे गं मी," डोळे न उघडताच ती म्हणाली. "झोपू दे आता."

मी हात मागे घेतला, पण तिथून उठले नाही.