समोरच्या साहेबांचा पत्ता

अंबरपेठेत आमच्या समोर पालिकेचे एक अधिकारी राहत. अतिक्रमणं पाडणं हे त्यांचं काम. कुणी घरी गाऱ्हाणं घेऊन आलं की दार अर्धंच उघडून म्हणत, "इथं नक्को हो, ऑफिसात या. घरी मी नुसता पोरींचा बाप."

माझ्या भावाच्या जामबागेतल्या दुकानाचा फुटपाथवर आलेला भाग त्यांनी पाडला, तोही नियमानुसार. नेट तेव्हा नवं होतं. मी नामपल्लीच्या सायबर कॅफेत बसून तक्रारींच्या एका वेबसाइटवर त्यांच्या घराचा पत्ता, फोन नंबर आणि मुलींची शाळा टाकली. आधी फोनवर शिव्या आल्या. मग कुणीतरी शाळेच्या फाटकाशी मुलींना अडवलं.

चौकीत तक्रार द्यायला त्यांच्यासोबत मीच गेलो. जमादार हसला. "घर का पता लिखे तो कौनसा जुर्म, साब?" ते मान खाली घालून बसले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हल्ली असा पत्ता टाकणाऱ्याला तुरुंगाची शिक्षा हवी, असं पेपरात वाचतो.

त्यांनी घर सोडलं. टेम्पो निघताना मला बाजूला घेऊन नवा पत्ता सांगितला. म्हणाले, "भाऊ, नातेवाइकांनाही दिला नाही. तुम्हाला तेवढा माहीत असू द्या."