दुसरी सही

ओझरच्या विमान कारखान्यातून तपासनीस यज्ञेश्वर गर्गे निवृत्त झाले, पण त्यांची तपासणी काही निवृत्त झाली नाही. घरच्या आमटीलाही ते ‘पास’ म्हणूनच दाद देत.

आता कपाटातल्या जुन्या छोट्या लॅपटॉपवर ते पेनड्राइव्हमधून लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली चालवून पाहत होते. “आज चालला नाही, तर भंगारात देणार,” असं पत्नी गोदावरीबाईंनी बजावलं होतं. आवाज, कॅमेरा, वायफाय सगळं पास झालं. लिनक्स कायमचं बसवायचं बटण तेवढं उरलं, आणि तिथे गर्गे अडले.

“अहो, दाबा ना!”

“छे! आपल्या कामावर आपणच सही करायची नसते. दुसरा तपासनीस लागतो. तू तपास आणि तूच दाब.”

“द्या इकडे. तुम्हाला पस्तीस वर्षं तपासतेय, हे काय मोठं!”

चार दिवस झाले. भंगारवाल्याला बाईंनी जिन्यातूनच परत पाठवलं. गर्गे लॅपटॉप मागायला गेले की त्यावरच्याच पत्त्यांच्या खेळातून मान वर न करता त्या म्हणतात, “थांबा हो, घाईघाईत सही करणारा कसला तपासनीस?”