मागचं दार हळू लावा

मंडळी, आमच्या जुन्या अॅम्बेसेडरचा मला लय वैताग आलाय. आज सकाळी तिला वालूरहून परभणीच्या गॅरेजात नेलं. सोबत माझे वडील, अण्णा. मिस्त्री म्हणाला, "हिच्यात आता काय राहिलं न्हाई. भंगारात द्या." मला पटलं.

तेवढ्यात त्यानं मागचं दार धाडकन लावलं. अण्णा ओरडले, "हळू लाव की! लेकरू झोपलंय."

मिस्त्री रिकाम्या सीटकडं बघतच राहिला.

नामांतराच्या दंगलीत एका जळत्या वस्तीतून अण्णांनी एक बाई आणि तिचं तान्हं लेकरू याच गाडीतून परभणीच्या दवाखान्यात नेलं होतं. बाई वाटभर म्हणत होती, "दादा, हळू चालवा, लेकरू झोपलंय." लेकरू गेलंय, हे अण्णांना आरशात कळलं होतं. तरी गाडी त्यांनी हळूच चालवली.

तेव्हापासून दसऱ्याला गाडीची पूजा झाली की अण्णा झेंडूचं एक फूल मागच्या सीटवर ठेवतात.

निघताना मीही दार हळूच लावलं.

गाडी भंगारात देईन हो. पण तुम्हीच सांगा, त्या लेकराला उठवायचं कुणी?